पंख्याविरुद्ध मावशी

सोमवारी दुपारी एक वाजता, जेवणाची घंटा होण्याच्या जरा आधी, गोदामाच्या फळ्यावर दोन्ही बाजूंचे आकडे लिहिले गेले. पंख्याची बाजू पुन्हा मागे होती.

फळ्यासमोर उभ्या असलेल्यांपैकी कुणीच टाळी वाजवली नाही. जिंकलेल्या बाजूनेही नाही. उलट तीच मंडळी आकडे बघून चोरासारखी पांगली, जशी काही त्यांच्याच हातून बरणी फुटली होती.

गोदाम काचेच्या बरण्यांचं. बरणी कागदात गुंडाळायची, पुठ्ठ्याच्या खोक्यात रचायची, खोकं चिकटपट्टीने बंद करायचं, वर चिठ्ठी डकवायची. हे काम दोन लांब टेबलांवर चालतं. एक टेबल दाराकडे, दुसरं आत. मधून फोर्कलिफ्टचा रस्ता, दोन्ही कडांना पिवळे पट्टे. वर पत्रा. दारापाशी वारा लागत असेल असं नवख्या माणसाला वाटतं. प्रत्यक्षात तिथे ट्रक मागे घेतात, आणि आत येते ती त्यांची झळ.

नवा पंखा आतल्या बाजूला होता. कुठे टांगायचा हे पंख्याच्या कंपनीच्या फिटरने वरच्या तुळया बघून ठरवलं होतं. सहा पात्यांचा, एखादी खोली झाकली जाईल एवढा मोठा. पहिल्या दिवशी तो सुरू झाला तेव्हा सगळे माना वर करून बघत राहिले. तो इतका संथ फिरत होता, की बडबडी नावाने ओळखली जाणारी पॅकर मोठ्याने म्हणाली, "हा फिरतोय की आळस देतोय?"

इथल्या लोकांना उभ्या पंख्यांची सवय. उभा पंखा घरघरतो, तोंडावर फुंकर मारतो, कागद उडवतो. आवाज नाही म्हणजे वारा नाही, असाच सगळ्यांचा हिशेब. म्हणून आतल्या बाजूनेही सुरुवातीला उभे पंखे चालूच ठेवले. मग एकेक करून ते बंद झाले. कुणी हुकूम दिला नव्हता. पाठीला घाम येत नव्हता, आणि कागदावर वजन म्हणून बरणी ठेवावी लागत नव्हती, एवढंच. ओल्या हातांनी चिकटपट्टी सुटायची, ते थांबलं. पहाटे फरशीला ओल सुटायची आणि कुणीतरी घसरायचं, तेही थांबलं. घरघर गेली तसा फोर्कलिफ्टचा भोंगा लांबून ऐकू यायला लागला. त्याबरोबर एकमेकींबद्दल हळू आवाजात बोललेलंही ऐकू यायला लागलं, आणि पहिल्या आठवड्यात त्यावरून दोन भांडणं झाली.

पंखा अजून विकत घेतलेला नव्हता. कंपनीने तो दोन आठवडे वापरून बघायला दिला होता. मालकांनी सगळ्यांना दाराशी गोळा करून अट सांगितली होती. "सरळ हिशेब आहे. पंख्याखालच्या टेबलाने दाराकडच्या टेबलापेक्षा जास्त खोकी काढली, तर हा पंखा राहील आणि दाराकडेही दुसरा बसेल. नाही काढली, तर आला तसा जाईल. मला उगाच छताला दागिने घालायचे नाहीत."

अट घालताना एक गोष्ट मालकांच्या ध्यानात आली नाही, आणि दुसऱ्या कुणाच्याही नाही. दाराकडचं टेबल मावशींचं होतं.

मावशी सगळ्यांच्याच मावशी, मालकांच्यासुद्धा. बरणी न बघता गुंडाळतात. त्यांचे हात चालू असताना तोंडही चालू असतं, आणि कुणाच्या खोक्यात कोपरा मोकळा राहिलाय हे त्यांना पाठमोऱ्या असतानाही कळतं. आतल्या टेबलाची प्रमुख त्यांची सून. लग्न तिने एकाशी केलं आणि सूनबाई ती अख्ख्या गोदामाची झाली. तिला काम मावशींनीच शिकवलं. ज्याच्याशी लग्न केलं तो फोर्कलिफ्ट चालवतो. रस्ता पन्नास पावलांचा असला तरी त्याला पायलट म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात मावशी टेबलापाशी उभ्या उभ्या खाली बसल्या होत्या. शुद्ध गेली नाही, पण मुलाने त्यांना उचलून घरी नेलं. डॉक्टर म्हणाले, या वयात अशा उकाड्यात काम नको. मुलाने त्याच संध्याकाळी आईकडून वचन घेतलं. पुन्हा एकदा जरी चक्कर आली तरी काम बंद. मावशींनी वचन दिलं. तेव्हा त्या आडव्या पडलेल्या होत्या आणि वाद घालायची ताकद नव्हती, असं त्या आता सांगतात.

तेव्हा पंखा राहिला तर मावशी राहणार, हे उघड होतं. आणि पंख्याला हरवत होत्या त्या मावशीच.

सोमवारी जेवायला बसल्यावर सुनेने डब्याचं झाकण उघडलं आणि तसंच ठेवलं.

"आई, तुम्ही हे काय चालवलंय?"

"काय चालवलंय? जेवतेय."

"फळ्यावर बघितलंत?"

"बघितलं. तुझ्या त्या कोपऱ्यातल्या पोरी चिठ्ठ्या उलट्या लावतात. एकदा लावायची, परत काढायची. मग मागे पडणार नाही तर काय?"

"माझ्या पोरींचं सोडा. गेल्या उन्हाळ्यात आम्ही जेवढी खोकी काढत होतो, त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त काढतोय. बरण्यांची फूट निम्म्यावर आलीय. रजा कुणी घेत नाही. पण मालकांना ते दिसत नाही, कारण तुम्ही आमच्यापुढे!"

"मग मी काय मुद्दाम हरू?"

"हो!"

मावशींनी घास खाली ठेवला. "अगं, आयुष्यात कधी हात आखडता घेतला नाही. आता म्हातारपणी ही विद्या कुठून शिकू?"

शेजारी पायलट पाणी पीत होता. तो म्हणाला, "आई, आता आठवड्याचाच तर प्रश्न आहे. जरा हळू. गाडीला ब्रेक असतो तसा."

"तू गप्प बस. तुझ्या गाडीला तरी ब्रेक आहे का? परवा रॅकला ठोकलीस."

"ठोकली नाही, टेकली."

"टेकल्याचा आवाज आतपर्यंत आला. पंखा आवाज करत नाही ना हल्ली."

तरीही मावशींनी प्रयत्न केला. तो मंगळवारचा दिवस दाराकडच्या टेबलाला बराच काळ लक्षात राहील. मावशी सकाळी पाणी प्यायला गेल्या आणि मुद्दाम रमत आल्या. आल्यावर स्टुलावर बसल्या, हाताची घडी घातली, आणि बसून राहिल्या. अशा त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं. बडबडीने तर विचारलं, "मावशी, कुणी वारलं का?"

पण हात मोकळे झाल्याने मावशींचे डोळे मोकळे झाले. एरवी त्यांना दोन्हीकडच्या दोघी-तिघीच दिसायच्या, आता टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसायला लागलं. कागद एका टोकाला आणि बरण्या दुसऱ्या टोकाला आहेत, म्हणून प्रत्येकीला वाकावं लागतं, हे त्यांना दिसलं. त्यांनी जागा बदलायला लावल्या. कोपऱ्यातली पॅकर चिकटपट्टी दातांनी तोडत होती, तिला त्यांनी कातर दिली. एकीला म्हणाल्या, "तुझा हात चांगला आहे गं, तू रचायला ये." आणि बाकी वेळ त्या खरोखर काही करत नव्हत्या.

दुपारी फळ्यावर आकडे लागले. दाराकडच्या टेबलाने आतापर्यंतची सगळ्यात जास्त खोकी काढली होती.

"मी हातसुद्धा लावला नाही," मावशी सुनेला म्हणाल्या. "शपथ."

सुनेने कपाळावर हात मारून घेतला, आणि तो आवाजही लांबपर्यंत ऐकू गेला.

बुधवारी मालक आले. ते रोजच येत होते. दुपार झाली की केबिनमधून निघायचे, फोन कानाला लावून आतल्या बाजूला यायचे आणि बरोबर पंख्याच्या खाली उभे राहून बोलायचे. फोन संपला तरी थांबायचे. हे सगळ्यांनी पाहिलं होतं, पण मालकांनी स्वतः पाहिलं होतं असं वाटत नव्हतं. त्या दिवशी ते फळ्यापाशी गेले, आकडे वाचले आणि हसले.

"मावशी, तुम्हाला पंख्याची गरजच काय? तुम्हीच पंखा आहात."

दाराकडचं टेबल हसलं. मावशींनाही क्षणभर बरं वाटलं, आणि मग तोंड कडू झालं.

सून पुढे आली. "मालक, आमची तुलना आईंशी कशाला? आमची आमच्याशी करा. पंखा नव्हता तेव्हाची आणि आताची."

"अट काय ठरली होती?"

"ती ठरली तेव्हाच चुकली होती."

"चुकली असेल. पण ठरली ना?" मालक वाईट माणूस नाहीत. एकदा बोललेला शब्द स्वतःलाच मोडता येत नाही, असा त्यांचा स्वभाव आहे, आणि त्याचा त्यांना अभिमानही आहे. थोडा विचार करून ते म्हणाले, "बरं. टेबलं राहू देत तशीच. फक्त तुम्ही दोघी जागा बदला. मावशी पंख्याखाली, सूनबाई दाराकडे. शुक्रवारपर्यंत बघू."

गुरुवारी मावशी पंख्याखाली आल्या. आल्या आल्या त्यांनी मान वर करून त्याच्याकडे असं पाहिलं, जसं स्थळ बघायला आलेल्या माणसाकडे बघतात. मग कामाला लागल्या. दुपारपर्यंत आतल्या टेबलाने इतकी खोकी रचली की पायलटला उचलायला वेळ पुरेना, आणि रस्त्यावर पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर रांग आली. आतल्या पोरींना मावशींची बोलणी खावी लागली, तरी त्या हसत होत्या. उकडत नसलं की बोलणीही सोसतात.

दाराकडे उलट झालं. सुनेला वाटलं होतं, उकाडा आपल्या सवयीचा आहे. पण पंख्याखालच्या दिवसांनी ती सवय मोडली होती. दुपार चढली. ट्रक मागे आला, झळ आत आली, उभे पंखे तीच झळ इकडची तिकडे करत राहिले. त्यांचं तोंड कुणाकडे करायचं यावरून कुरबुर झाली. मग कुरबुरही थांबली. बडबडी बोलायची थांबली, तेव्हा सुनेने चमकून वर पाहिलं. रोज दुपारी दाराकडे असं होतं हे तिला माहीतच नव्हतं, कारण इतके दिवस ती आत होती.

तिच्या हातातली बरणी निसटली आणि फुटली. डोळ्यांपुढे क्षणभर काहीतरी हललं.

"सूनबाई, मागे जाऊन बसा जरा," बडबडी म्हणाली. "त्या रिकाम्या खोक्यांच्या थप्पीमागे स्टूल आहे. मावशी तिथेच बसतात." आणि तिने तोंडावर हात ठेवला.

सून थप्पीमागे गेली. तिथे स्टूल होतं. खिळ्याला एक पंचा अडकवलेला होता, पाण्याची बाटली होती. पंचा वाळून कडक झाला होता, भिजवून पिळून पुन्हा पुन्हा वाळवल्यासारखा. ती तिथे बराच वेळ बसली.

संध्याकाळी घरी भाजी चिरताना तिने विचारलं. पायलट अजून आला नव्हता.

"किती वेळा झालं, आई?"

"काय?"

"थप्पीमागे."

मावशींची सुरी थांबली. "ती बडबडी. तिच्या तोंडाला चिकटपट्टी लावते उद्या."

"किती वेळा?"

"दोनदा. चक्कर म्हणत नाहीत त्याला. डोळ्यांपुढे अंधारून आलं, बसले, पाणी प्यायले, उठले. त्याला चक्कर म्हटलं तर सगळं जगच घरी बसेल."

"आणि पंख्याखाली?"

"आज? नाही." मावशी पुन्हा चिरायला लागल्या. "आज तर मी गात होते म्हणे. मला कळलंही नाही."

मग सून हळूच म्हणाली, "हे मालकांना सांगितलं तर ते पंखा काढायला धजणार नाहीत."

"आणि माझ्या मुलाला कळलं, तर सोमवारपासून मी घरी. भिंतींशी बोलायला." मावशींनी सुरी खाली ठेवली. "तू सांगायचं नाहीस. तुला माझी आण."

"तुमची आण मला नको. पण नाही सांगणार."

शुक्रवारी फळ्यावरचे आकडे वाचून मालकांनी मान हलवली. "आता कळलं," ते म्हणाले. "मावशी आत, तर आतलं टेबल पुढे. मावशी दाराशी, तर दाराकडचं पुढे. यावरून मावशी चांगल्या, एवढंच सिद्ध होतं. पंख्याचं काय?"

पायलट फोर्कलिफ्टवरून म्हणाला, "मग आईलाच छताला टांगा." त्यावर सगळ्यात मोठ्याने मालकच हसले. पण पंखा न्यायला सांगणारा फोन त्यांनी केला.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास फिटर आला. त्याने पंखा बंद केला, पाती थांबेपर्यंत वाट बघितली आणि चाकांवरच्या, वरखाली होणाऱ्या पाळण्यात उभा राहून वर गेला.

पंखा चालू असताना जे कळत नव्हतं ते तो थांबल्यावर थोड्याच वेळात कळलं. पत्र्याखाली साठलेली उष्णता खाली उतरली. आतल्या टेबलावर एकीने पदराने मान पुसली, मग दुसरीने. कुणीतरी उभा पंखा ओढून आणला आणि लगेच कागद उडाले. मालक नेहमीच्या जागी उभे राहून फोनवर बोलत होते. बोलता बोलता त्यांनी वर पाहिलं, शर्टाचं बटण सैल केलं, आणि समोरच्याला पुन्हा विचारलं, "काय म्हणालात?"

फिटरने पहिलं पातं सोडवून खाली आणलं. ठेवायला जागा म्हणून ते दाराकडच्या टेबलावर आडवं ठेवलं. सहा पात्यांतलं एक. टेबलावर ते मावलं नाही, दोन्हीकडून बाहेर आलं. टेबलाशी मावशी उभ्या होत्या, कारण शुक्रवार संपल्यावर त्या आपल्या जागी परत आल्या होत्या. समोर काहीतरी आलं म्हटल्यावर त्यांचा हात सवयीने कागदाकडे गेला आणि त्या पातं गुंडाळायला लागल्या.

"आई!" सून रस्त्यापलीकडून ओरडली. "बांधताय काय त्याला!"

मावशींनी हाताकडे पाहिलं. कागद सोडला. मग त्या रस्ता ओलांडून, पिवळे पट्टे ओलांडून, थेट मालकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"फोन ठेवा जरा."

मालकांनी फोन ठेवला.

"फळ्यावर माझी खोकी आहेत. ती काढताना मी दोनदा थप्पीमागे जाऊन बसले, ते नाहीये. डोळ्यांपुढे अंधारून आलं म्हणून बसले. आणि मी एकटी नाही. ही बडबडी दुपारनंतर बोलत नाही, ही काय साधी गोष्ट आहे?"

"नाही हो," बडबडी लांबून म्हणाली.

फोर्कलिफ्टचं इंजिन बंद झालं. पायलट खाली उतरला.

"आई, तू वचन दिलं होतंस."

"दिलं होतं. म्हणूनच मागे जाऊन बसत होते. पुढे बसले असते तर तुला दिसलं नसतं का?"

दोघं-तिघं हसले आणि गप्प झाले. हसायचं की नाही, हे पायलटच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागणार होतं, आणि त्याच्या तोंडावरून काही कळत नव्हतं.

"मावशी, हे मला आधी सांगायचं ना," मालक म्हणाले.

"तुम्ही खोकी विचारलीत. माझा मुलगा तब्येत विचारतो. त्याच्यापासून लपवायचं होतं, म्हणून तुम्हालाही सांगितलं नाही. आता दोघांना एकदमच सांगितलं. काय करायचं ते करा." आणि त्या परत आपल्या टेबलाकडे गेल्या. जाताना सुनेला म्हणाल्या, "बघत काय राहिलीस? तुझ्या त्या टेबलावर चिठ्ठी उलटी लागलीय."

लागली होती.

मालकांनी पाळण्यातल्या फिटरला हाक मारली. पुढचं पातं सोडवू नकोस, म्हणाले. मग विचारलं, दाराकडच्या तुळया असा दुसरा पंखा पेलतील का? फिटर म्हणाला, बघावं लागेल. त्याने पाळणा दाराकडे नेला, विजेरी लावून वर बराच वेळ काढला, आणि खाली येऊन म्हणाला, एक जास्तीचा आधार द्यावा लागेल, बाकी अडचण दिसत नाही. मालक ऐकून केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. आधी ते कंपनीशी बोलत होते, नंतर धंद्यात भागीदार असलेल्या त्यांच्या थोरल्या भावाशी. भावाचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, शब्द येत नव्हते.

पायलट दिवसभर आईशी एवढंच बोलला. "उद्या सुट्टी आहे. सोमवारचं सोमवारी बघू." यावर मावशींचं मत सुनेने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "नाही म्हणाला नाहीये ना? मग झालं."

सायंकाळी सहा वाजता काम सुटलं. केबिनचं दार तेव्हाही बंद होतं. पाच पाती छताला आहेत, सहावं दाराकडच्या टेबलावर. ते बांधायचं की वर चढवायचं, हे फिटरला अजून कुणी सांगितलेलं नाही. तो दाराशी पाळण्याच्या पायरीवर बसून चहा पितो आहे.